इतवारीची लाईन दार-ए-सलामला

आफ्रिकेला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिला प्रश्न सिंहाचा विचारतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, सिंह दिसला नाही. हत्ती नाही, जिराफ नाही, झेब्रा तर रस्त्यावरच्या पट्ट्यांतसुद्धा नाही. मी बघून आलो ते एक ऑफिस, एक गच्ची आणि कावळे. नागपुरात प्रतापनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे ऐकून सगळ्यांची तोंडं उतरली. पण त्या गच्चीवर मी डोक्यावर पातेलं घालून उभा होतो, हे कळल्यावर परत चढली. तेव्हापासून ही हकीकत इतक्या वेळा सांगून झाली आहे, की आता एकदाची लिहूनच काढतो.

माझं काम दूरदूरची ऑफिसं एकमेकांना जोडून देण्याचं. मिहानमधल्या एका लहानशा कंपनीत मी वीस वर्षांपासून हेच करतो, पण माझी मजल रायपूरच्या पुढे कधी गेली नव्हती. परदेशातली कामं तरुण पोरं करायची. या खेपेला एकाचं लग्न होतं आणि दुसऱ्याचा पासपोर्ट त्याच्या आईने इतका जपून ठेवला होता की तो सापडेना. उरलो मी, विलास ठवकर, वय सत्तेचाळीस.

गिऱ्हाईक होते इतवारी बाजारातले शेषरावजी. धंदा तुरीचा. नागपुरात आपण ज्या डाळीचं वरण खातो त्यातली बरीच तूर आफ्रिकेतून येते, आणि ती तिथे विकत घ्यायला त्यांची दार-ए-सलामला शाखा. दुसरी शाखा म्यानमारमध्ये यंगूनला. यंगून जोडून झालं होतं. दार-ए-सलाम बाकी होतं.

"इंटरनेट तं हायेच ना तिथं," शेषरावजींनी मला विचारलं होतं. "मंग ही वेगळी लाईन काहून पाहिजे?"

बाहेर गल्लीत एक टेम्पो आणि दोन हातगाड्या एकमेकांत अडकल्या होत्या आणि तिघेही माघार घ्यायला तयार नव्हते. मी तिकडे बोट दाखवलं. "इंटरनेट म्हणजे ही गल्ली. सगळ्या दुनियेचा माल इथूनच जातो. खासगी लाईनवर फक्त तुमची तीन ऑफिसं. दुसरं कोणी घुसत नाही, मधे कोणी बघत नाही."

"म्हणजे आपल्या वावराची पांदण," ते म्हणाले. "गावची ढोरं येत नाही तिथं."

वीस वर्षांत याहून चांगलं मला कोणाला समजावता आलेलं नाही.

मग त्यांनी पंचांग काढलं. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ, म्हणून साडेबाराचा मुहूर्त. त्या वेळी तिन्ही ऑफिसं पडद्यावर एकत्र आली पाहिजेत, नारळ फुटेल, पेढे वाटले जातील. "आणि नाही जमलं," ते म्हणाले, "तं मंग दुसरी कंपनी पाहू."

निघताना त्यांच्या मुनीमजींनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच खरी गोष्ट सांगितली. दार-ए-सलामची शाखा सांभाळतात ते दिनकरराव म्हणजे शेषरावजींचे सख्खे धाकटे भाऊ. नऊ वर्षांपासून दोघांत बोलणं नाही. सगळा कारभार मुनीमजींच्या मार्फत ई-मेलने. कारण असं, की शेषरावजींच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत दिनकररावांचं नाव 'निमंत्रक' मध्ये यायच्या ऐवजी खाली 'स्नेहांकित' मध्ये छापलं गेलं, शेजारी आणि डॉक्टरांच्या रांगेत.

"छापणाऱ्याची चूक," मुनीमजी म्हणाले. "पण सांगणार कोण? त्यासाठी बोला तं लागते ना."

मंगळवार. कुरडईची चौकशी

प्रवासाचं काही सांगत नाही. दोन विमानं बदलली आणि दोन्हींत माझ्या पुढच्या माणसाने खुर्ची मागे पाडली, एवढंच.

माझ्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत राऊटर, म्हणजे लाईन ज्या डब्यात येऊन मिळते तो डबा, वायरींची भेंडोळी आणि हत्यारं. दुसरीत माझी बायको वंदना हिने भरलेला शिधा. दार-ए-सलामच्या विमानतळावरच्या तपासणी बाईंपुढे मी राऊटरचे सगळे कागद हातात धरून घामाघूम उभा होतो. त्यांनी राऊटरकडे बघितलं आणि बॅग पुढे सरकवली. दुसरी बॅग मात्र उघडली आणि त्यातून दोन बोटांनी एक कुरडई उचलली. पांढरी, गोल गोल गुंडाळलेली, कडक.

"केबल?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही. गहू."

"गव्हाची केबल?"

मी म्हटलं, ही खायची आहे. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. कच्ची कुरडई खाणं म्हणजे काय ते ज्यांनी खाल्ली त्यांनाच ठाऊक. मी कडाकड चावली. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं, त्यांच्यासमोर दुसरी खावी लागली. तिसऱ्या साहेबांनी स्वतःच एक तोंडात टाकली, दाढ धरली आणि मला जाऊ दिलं.

बाहेर रिक्षा उभ्या होत्या, अगदी आपल्याच. तिथे रिक्षाला रिक्षा म्हणतच नाहीत, आपल्याकडच्या ज्या कंपनीने ती बनवली तिचंच नाव म्हणतात. हवा दमट, आंब्याची झाडं दाट, आणि तारांवर कावळे. मी कौतुकाने बघितलं, इथेही कावळे! नागपुरासारखेच, करड्या मानेचे. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं, हे नोंदवून ठेवतो.

बुधवार. दादा कोण, काका कोण

ऑफिस कारियाकू नावाच्या बाजारपेठेत. चार मजली इमारत, खाली पोत्यांची दुकानं, हमालांची आरडाओरड. डोळे मिटले तर इतवारी.

मुनीमजींनी सांगितलं होतं, "तिथं गेल्यावर दादा रेहेमाले भेटा, सगळं तेच पाहतात." मी एक दांडगा, मिशीवाला माणूस डोळ्यासमोर आणला होता. दार उघडलं ते पिवळ्या फुलाफुलांच्या कपड्यातल्या, पन्नाशी उलटलेल्या एका बाईंनी.

"दादा रेहेमा?" मी त्यांच्या मागे शोधत विचारलं.

"मीच हाव जी," त्या म्हणाल्या. "या, काका विलास. बसा. चाय पिता का?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक बाई माझ्याशी नागपुरी बोलत होती, आणि माझ्याहून मोठी असून मला काका म्हणत होती. कळलं ते असं. रेहेमाबाई पंधरा वर्षं दिनकररावांबरोबर काम करत होत्या आणि दिनकरराव फोनवर, कागदावर, स्वतःशी सतत मराठीतच पुटपुटत असल्यामुळे ती भाषा त्यांच्या अंगात मुरली होती. काकाचं कोडं स्वाहिली भाषेतलं. तिथे काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे ताई. मामा म्हणजे आई. बाबा मात्र बाबाच. मी त्या सकाळी खालच्या पहारेकऱ्याला मोठ्या आपुलकीने "काय दादा" म्हणून आलो होतो. तो का हसला ते आता समजलं.

दिनकरराव आतल्या खोलीत होते. साठीचे, बारीक, बनियनवर उघडा शर्ट. त्यांनी राऊटरकडे बघितलं, जसं सोयरीक मोडलेल्या घरच्या माणसाकडे बघावं.

"हे त्यानं पाठवलं का?"

"कंपनीने पाठवलं," मी म्हटलं.

"तेच ते. लागलं तं लागलं, नाही लागलं तं बरंच होईल. तू नाश्ता कर गा आधी."

नाश्ता रेहेमाबाईंनी खालून मागवला होता. विटुंबुवा म्हणून तांदूळ आणि नारळाचे गोड गोल प्रकार, म्हणजे आपले अप्पेच, फक्त तूपसाखरेच्या घरात वाढलेले. आणि सोबत म्बाझी. मी एक घास घेतला आणि थांबलो. तुरीचे दाणे! नारळाच्या दुधात शिजवलेले, मऊ, थोडी मिरची. आपण थंडीत सोले सोलून त्यांची भाजी करतो, तेच दाणे इथे बाराही महिने सकाळी सकाळी खातात. मी तीन वाट्या खाल्ल्या. दिनकरराव माझ्याकडे बघत होते.

"चांगलं लागते ना?" ते म्हणाले. "पण वरून फोडणी पाहिजे होती. लसणाची. पंधरा वर्षांपासून सांगून राहिलो यायले."

"आणि आमी नाही म्हणून राहिलो," रेहेमाबाई म्हणाल्या.

दुपारी मी राऊटर बसवला. आमची लाईन गच्चीवरच्या एका लहान तबकडीतून येणार होती, आणि ती तबकडी चालू करून देणार होता तिथल्या टेलिफोन कंपनीचा माणूस, बराका. रेहेमाबाईंनी त्याला फोन केला आणि मला सांगितलं, "उद्या तीन वाजता येते म्हणते."

गुरुवार. तीन कधी वाजतात

तीन वाजायचे म्हणून मी सकाळी समुद्र बघायला गेलो. निळा, स्वच्छ, आणि नागपूरकराला समुद्र बघून जे होतं ते झालं, म्हणजे पँट गुडघ्यापर्यंत ओली. दोन कॅमेरेवाले टूरिस्ट मला वाट विचारून गेले, मी त्यांना "पोले पोले" म्हणालो. हळूहळू, असा त्याचा अर्थ. तेवढा एकच शब्द मला येत होता. ते पोले पोले निघून गेले.

बरोबर पावणेतीनला मी ऑफिसात हजर.

"बराका आला का?"

रेहेमाबाईंनी मान वर केली. "आला होता ना जी. वाट पाहून पाहून गेला."

"अहो, पण तीन वाजायचेत अजून!"

"तीन तं सकाळीच वाजले."

आता हे सावकाश ऐका, कारण मला समजायला पाऊण तास लागला. स्वाहिली लोक दिवस मोजतात उजाडल्यापासून. सूर्य उगवून एक तास झाला की एक वाजला. म्हणजे आपले सात ते त्यांचा एक. आपले नऊ, त्यांचे तीन. रेहेमाबाई मराठी शिकल्या होत्या, पण घड्याळ त्यांनी स्वतःचंच ठेवलं होतं. त्यांच्या हिशोबाने बघितलं तर दिवस उगवल्यावर पहिला तास तो पहिला, यात चूक काय आहे? आपणच अर्ध्या झोपेत बाराच्या ठोक्याला दिवस सुरू करतो. पण हे शहाणपण मला आता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी डोकं धरून खाली बसलो होतो.

बराका तोवर चुलतभावाच्या लग्नाला शेजारच्या गावी निघून गेला होता. फोनवर त्याने माझी फार समजूत काढली, "पोले सना." मी चिडून म्हणालो, हळूहळू नको, लवकर या! रेहेमाबाईंनी सांगितलं की एकदाच 'पोले' म्हटलं की त्याचा अर्थ माफ करा असा होतो.

तबकडी मात्र तो सकाळी चालू करून, नवी वायर, नव्या चकचकीत क्लिपा लावून गेला होता. "फक्त जोडायचं आहे," तो म्हणाला. मी जोडलं. राऊटरवरचा दिवा लाल. पुन्हा जोडलं. लाल. शुक्रवारचा साडेबाराचा मुहूर्त म्हणजे, अडीच तासांच्या फरकाने, तिथले सकाळचे दहा. बराका सकाळी दोन वाजता यायला कबूल झाला. मी बोटं मोजली: आठ.

शुक्रवार. गच्ची

आठला म्हणून बराका पावणेनऊला आला. उंच, हसरा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्याने यंत्र लावून बघितलं आणि मान हलवली. काल सकाळी त्याने स्वतः तपासलं होतं, लाईन ठणठणीत चालू होती. नंतर कोणीतरी तोडली.

मी दिनकररावांकडे बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं. लाईन नको असलेला माणूस त्या इमारतीत एकच होता. माझ्या डोळ्यापुढे इतवारीतला नारळ आणि पेढे दिसत होते, आणि परत गेल्यावर साहेबांपुढे उभा असलेला मी.

"दिनकररावजी," मी म्हटलं, "तुम्ही काही... हलवलं का?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "म्या? म्या तोडीन? मले भांडायचं असलं तं तोंडानं भांडतो गा, वायरीनं नाही! चाल वर. चाल, दाखव मले कोठी तुटली ते!"

ते पुढे, आम्ही मागे, तीन मजले. गच्चीचं दार उघडलं आणि चाळीस-पन्नास कावळ्यांनी एकदम आमच्याकडे माना वळवल्या.

तबकडीच्या खांबाला लागून एक घरटं होतं. तसं घरटं मी जन्मात बघितलं नव्हतं. त्यात काटक्या कमी आणि वायरी जास्त. कपड्यांचे हँगर, तारा, वायर बांधायच्या पट्ट्या. कडेला ओळीने, एखाद्या नवरीच्या बांगड्यांसारख्या, बराकाच्या चकचकीत क्लिपा. जोडावरची काळी टेप सोलून काढली होती आणि वायर खेचून अर्धी घरट्यात विणून टाकली होती. मधे तीन उघड्या चोची.

"कुंगुरू," बराका दात ओठ खात म्हणाला. त्याचं पुढचं बोलणं रेहेमाबाईंनी जरा संकोचाने सांगितलं. "हा म्हणते, हे कावळे इथले नाही. तुमचे हायेत. जुन्या काळी जहाजातून आणले होते."

भारतीय कावळे! तारांवर बघून मी ज्यांचं कौतुक केलं ते सगळे आपल्याकडचेच. माझी कंपनी, माझं गिऱ्हाईक, माझा मुहूर्त, आणि तो मोडायलाही माझाच गाववाला.

"पण एवढे याच गच्चीवर काहून?" मी विचारलं.

दिनकरराव कठड्यावरची शितं झटकू लागले. रेहेमाबाईच म्हणाल्या, "बाबा रोज भात टाकतात. सकाळी. त्यांच्या बाबाच्या नावानं. काल बराका आला तवा सगळे त्या भातावरच होते."

दिनकररावांचे वडील, आबा, वारले तेव्हा ते इथे होते, वेळेवर पोचू शकले नव्हते. तेव्हापासून रोज सकाळी आबांसाठी एक मूठ भात. आमच्या प्रतापनगरात पितृपक्षात ताट घेऊन गच्चीवर तासभर "काव काव" करावं लागतं, तरी एक कावळा फिरकत नाही. इथे आबांच्या भाताला रोज सगळी पंगत हजर. मी दिनकररावांची माफी मागितली. 'पोले' म्हणालो, एकदाच.

"असू दे," ते म्हणाले. "किती वाजले?"

सव्वानऊ. पाऊण तास होता. रेहेमाबाईंनी बजावलं की घरट्याला हात लागता कामा नये, पिल्लं आहेत. बराका म्हणाला, नवी वायर खांबाच्या पलीकडून आणतो. तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेला आणि कावळे तुटून पडले. त्याला हेल्मेट होतं. शिडी धरायला मी होतो आणि मला काही नव्हतं. रेहेमाबाई धावत खाली गेल्या आणि कालच्या म्बाझीचं पातेलं घेऊन आल्या. ते माझ्या कानापर्यंत बसलं. आत नारळाचा वास, बाहेर टणाटण चोची, आणि एक दाणा माझ्या मानेवरून खाली घसरत होता.

रेहेमाबाई बराकावर छत्री धरून उभ्या राहिल्या. दिनकरराव गच्चीच्या दुसऱ्या टोकाला भाताचा अख्खा डबा उपडा करून ओरडत होते, "या रे! इकडं या! आबा, तुमीही या, पण यायले इकडं आना!" निम्मे तिकडे गेले. उरलेले निम्मे माझ्या पातेल्यावर निष्ठेने बसून राहिले. समोरच्या इमारतीत लोक खिडक्यांतून बघत होते. एका आजीबाईने खुर्ची आणून मांडली.

नऊ पंचावन्नला बराका शिडीवरून ओरडला. मी पातेल्यासकट तीन मजले खाली धावलो. दिवा हिरवा.

त्याच दिवशी, सकाळचे चार

पडद्यावर आधी यंगून आलं, हसत हात हलवत. मग इतवारी. कॅमेरा टेबलावर असा ठेवला होता की शेषरावजींचं फक्त टक्कल आणि पाठीमागे मुनीमजींसह सगळा स्टाफ दिसत होता. कुठेतरी नारळ फुटला.

"आवाज येऊन राहिला का?" शेषरावजी पूर्ण ताकदीने ओरडले, जणू मधला समुद्र स्वतःच्या आवाजानेच ओलांडायचा होता.

मी दिनकररावांकडे बघितलं. ते हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते.  यंगूनवाले हसायचे थांबले.

"ओरडू नको," दिनकरराव शेवटी म्हणाले. "ऐकू येते. नऊ वर्षं चुप होता, आता काहून बोंबलून राहिला?"

"चुप मी होतो का तू होता?"

"स्नेहांकित कोणी छापलं?"

"छापणाऱ्यानं छापलं!"

"प्रूफ कोणी पाहिलं?"

 मग टक्कल जरा खाली झुकलं. "म्या पाहिलं," शेषरावजी म्हणाले. "चष्मा नव्हता. तुले फोन करनार होतो. मंग तूच लग्नाले आला नाही."

"स्नेहांकितानं काहून यावं? डॉक्टर आला होता का?"

"आला होता ना! दोनदा जेवला!"

पन्नास मिनिटं चाललं. पत्रिका, आबांची तब्येत, कोणत्या वर्षीची कोणती दिवाळी, सगळं निघालं. यंगूनच्या मॅनेजरने लिहून विचारलं की हा बैठकीचा भाग आहे का. रेहेमाबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बंद करू का जी?" मी म्हटलं, हात लावू नका. मी राऊटरसमोर बसून होतो. दोघं एकाच वेळी ओरडत होते तरी चित्र एकदाही अडकलं नाही, एक शब्दही तुटला नाही. इतकी चांगली चाचणी मी आयुष्यात घेतली नव्हती.

शेवटी शेषरावजी म्हणाले, "बास आता. पेढे राहिले." आणि मग, "उद्या याच टायमाले."

"पाहतो," दिनकरराव म्हणाले. पडदा बंद झाला. मग ते रेहेमाबाईंना म्हणाले की आज दुपारी सगळ्यांसाठी म्बाझी मागव, आणि लसूण मी चिरतो. त्या दिवशी त्या नाही म्हणाल्या नाहीत.

परत आल्यावर सोमवारी मी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही घ्यायला इतवारीत गेलो. शेषरावजी पडद्यासमोर होते, चष्मा लावून, आणि हातवारे करत कोणत्या तरी जुन्या चुलत आत्याचं नाव आठवत होते. मला त्यांनी हातानेच बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने कागद ओढला, सही केली. खाली शेऱ्याचा रकाना होता. तिथे लोक 'समाधानकारक' असं लिहितात. त्यांनी पेन तोंडात धरून विचार केला आणि लिहिलं:

'लाईन एकदम साफ. भाऊ आहे तसाच आहे.'